उजेड दिसला म्हणजे आत्मज्ञान झालं काय?

भाऊ, ध्यानाच्या शिबिरात कपाळावर अंगठा टेकवल्यावर पांढरा उजेड दिसला, केंद्रवाल्यांनी ‘आत्मज्ञान झालं’ म्हणून प्रमाणपत्र दिलं, आणि तेव्हापासून झोप नाही, असं तुम्ही लिहिलं. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. मी साधू नाही, डॉक्टरही नाही. पटेल तेवढं घ्या.

विसुद्धिमग्ग या बौद्धांच्या जुन्या ग्रंथात विपश्यना ध्यानाचे 10 उपक्लेश, म्हणजे वाटेतले अडथळे, दिलेत, त्यात पहिलाच ‘ओभास’, म्हणजे उजेड. तो दिसला की साधक पोचलो समजून तिथंच अडकतो. सूफींकडे ‘हाल’, म्हणजे मनाची तात्पुरती अवस्था, येतो नि जातो. ‘मकाम’, म्हणजे टिकणारा टप्पा, कमवावा लागतो. तेव्हा काय दिसलं ते सोडा, काय गळालं ते पाहा. बौद्धांत स्रोतापन्न, म्हणजे मुक्तीच्या वाटेवरच्या पहिल्या पायरीचा, व्हायलाच तीन संयोजनं, म्हणजे बंधनं, तुटावी लागतात: ‘मी’ची दृष्टी, शंका, आणि व्रतं-विधींनीच मुक्ती मिळते ही समजूत. जैनांत आधी मोहात पाडणारं मोहनीय कर्म जातं, मग आत्म्याचे गुण झाकणारी उरलेली तीन घाती कर्मं, तेव्हा कुठं 13व्या गुणस्थानी, म्हणजे पायरीवर, केवलज्ञान, म्हणजे पूर्ण ज्ञान. त्यांच्या मते महावीरांच्या परंपरेतल्या जंबूस्वामींनंतर इथं ते कोणालाच झालं नाही. रिद्धपूरला महानुभावांना विचाराल तर जीव कधी परमेश्वर होतच नाही, दोन्ही कायम वेगळे. ‘सगळ्या धर्मांत शेवटी एकच’ हे मला तरी आळशी बोलणं वाटते.

आता प्रमाणपत्राचं. न मिळालेली प्राप्ती मिळाली म्हणून जाणूनबुजून सांगणारा भिक्खू संघातून कायमचा बाहेर जातो, ही चौथी पाराजिका, म्हणजे भिक्खूंच्या सगळ्यात गंभीर दोषांतला चौथा. इथं मात्र शेतकऱ्याच्या हातात पिकाचे चुकारे आले की शिबिराचा मंडप उभा राहतो, फ्रेमसकट आत्मज्ञान, पुढच्या पायरीचे पैसे वेगळे! झोप नाही म्हटलं की ठरलेलं उत्तर: ‘शुद्धी चालू आहे, बैठक वाढवा.’ सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्यानं होते. जागरणानं आधीच तापलेलं डोकं तासन्‌तास श्वासावर धरून ठेवलं की आणखी बिथरते.

सध्या डोळे मिटून बसणं पूर्ण बंद. वावरातलं काम, दोन्ही वेळ पोटभर जेवण, दुपारनंतर चहा नाही. मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील तर केंद्राच्या सांगण्यावरून एकही सोडू नका. आवाज ऐकू येत असतील किंवा रात्रभर डोळा लागत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवा. जाणं जमत नसेल तर 14416 वर फोन करा, टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात.