'उचलले जाणे' आणि सात वर्षांचं महासंकट खरंच बायबलमध्ये आहे का? ख्रिस्ती लोकांचंच यावर एकमत का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आई लहानपणापासून सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत आहे, भाऊ अलीकडे एका फेलोशिपला, म्हणजे स्वतंत्र मंडळीला, जायला लागलाय. भाऊ म्हणतो, प्रभू कुठल्याही क्षणी येऊन खऱ्या विश्वासणाऱ्यांना गुपचूप वर उचलून नेईल, मागे राहिलेल्यांवर सात वर्षं महासंकट येईल आणि मग हजार वर्षांचं राज्य. पाळकसाहेब म्हणतात, असलं काही बायबलमध्ये नाहीच. शिवाय भावाने आईला तोंडावर सांगितलं की तू मागे राहशील. शास्त्राला धरून कोण बोलतंय, असं तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापूरचाच. आमचं घराणं मिशनच्या काळापासून इथल्या मंडळीत आहे आणि संडे स्कूल व बुधवारचा बायबल अभ्यास मी बरीच वर्षं घेतोय. माझी सख्खी बहीण आणि मेहुणे फेलोशिपमध्ये आहेत. एकीकडे 'जय ख्रिस्त' आणि दुसरीकडे 'प्रेज द लॉर्ड' असं दोन्ही ऐकतच संसार झालाय. त्यामुळे सरळ सांगतो. पाळकसाहेबांचं निम्मं बरोबर आहे, भावाचंही निम्मं बरोबर आहे, पण आईला तो जे बोलला त्याला शास्त्रात कुठेच आधार नाही.

आधी ज्यावर भांडण नाही ते बघू. प्रभू येशू पुन्हा येणार, मेलेले उठणार, न्याय होणार, हे कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट, ब्रदरन, पेन्टेकॉस्टल सगळेच मानतात. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात दर रविवारी आपण तेच म्हणतो: जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येईल. प्रेषितांची कृत्ये १:११ मध्ये, तो जसा वर गेला तसाच येईल, असं देवदूत सांगतात. तेव्हा 'शेवटल्या काळाचं सगळंच मानवी कल्पित आहे' असं कोणी म्हणत असेल, मग तो पाळक का असेना, तो शास्त्राच्या बाहेर बोलतोय.

मतभेद सुरू होतात ते क्रम आणि वेळापत्रकावरून. त्यातला सगळ्यात जुना वाद हजार वर्षांचा. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात, दुसऱ्या वचनापासून सातव्यापर्यंत, 'हजार वर्षे' हे सहा वेळा येतं. ख्रिस्त आधी येईल आणि मग पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करेल, असं काही जण वाचतात. काही म्हणतात, तो आकडा चिन्हरूप आहे. ख्रिस्ताचं राज्य आत्ता, मंडळीच्या काळातच चालू आहे. तिसरे म्हणतात, सुवार्तेने जग हळूहळू बदलेल, तो सुकाळ म्हणजे हजार वर्षं, आणि त्यानंतर प्रभू येईल. हे तिसरं मत एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरींमध्ये बरंच होतं. पहिल्या महायुद्धानंतर जग सुधारतंय यावरचा लोकांचा विश्वासच उडाला आणि ते मागे पडलं.

आता एक गोष्ट सांगतो, ती भावाला आणि पाळकसाहेबांना दोघांनाही ऐकवा. दुसऱ्या शतकाच्या मध्यात जस्टिन नावाचे एक ख्रिस्ती लेखक होऊन गेले. पुढे रोममध्ये त्यांनी विश्वासासाठी प्राण दिले, म्हणून त्यांना जस्टिन हुतात्मा म्हणतात. त्रिफो नावाच्या यहुदी विद्वानाशी त्यांचा लांबलचक संवाद आहे. त्रिफो विचारतो, यरुशलेम पुन्हा बांधलं जाईल हे तुम्ही खरंच मानता का? जस्टिन उत्तर देतात की मी आणि माझ्यासारखे बरेच जण हजार वर्षांचं राज्य मानतो, पण शुद्ध आणि भक्तिमान विश्वासाचे दुसरे बरेच ख्रिस्ती तसं मानत नाहीत. बघा, प्रेषितांनंतर शंभर वर्षंही धड झाली नव्हती, तेव्हाच हा मतभेद होता, आणि विरुद्ध मताच्या माणसाला 'शुद्ध विश्वासाचा' म्हणण्याइतकं मन जस्टिनकडे होतं. मला या सगळ्या इतिहासात हे सगळ्यात मोलाचं वाटतं. पुढे पाचव्या शतकात बिशप ऑगस्टीनने 'देवाचे नगर' या ग्रंथात हजार वर्षं म्हणजे मंडळीचा काळ असा अर्थ लावला, आणि आपणही आधी पृथ्वीवरचं हजार वर्षांचं राज्य मानत होतो हे तिथेच लिहून ठेवलं. पश्चिमेकडच्या मंडळीत तोच अर्थ हजारेक वर्षं चालला. सोळाव्या शतकात धर्मसुधारक कॅल्विनने बायबलच्या बहुतेक पुस्तकांवर भाष्य लिहिलं, पण प्रकटीकरणावर लिहिलं नाही.

'गुपचूप उचलले जाणे' मात्र इतकं जुनं नाही. प्रभूचं येणं दोन टप्प्यांत, आधी मंडळीला नेण्यासाठी आणि सात वर्षांनी सर्वांना दिसेल असं, ही मांडणी जॉन नेल्सन डार्बी यांनी १८३० च्या दशकात पक्की केली. ते मूळचे आयर्लंडच्या अँग्लिकन मंडळीचे पाळक, नंतर ब्रदरन चळवळीचे पुढारी झाले. १९०९ मध्ये अमेरिकेत स्कोफील्ड यांचं टिपांसह बायबल निघालं. त्यात वचनाच्या खालीच या मांडणीच्या टिपा छापलेल्या, म्हणजे साध्या वाचकाला वचन कुठे संपलं आणि टीप कुठे सुरू झाली हे कळेनासं झालं. तिथून बायबल स्कूल, रेडिओ, टीव्ही, आणि आता आपल्या मोबाइलवरचे व्हिडिओ.

नवी मांडणी म्हणजे खोटीच असं नाही. वचनं खरी आहेत, ती जोडणारा धागा माणसाचा आहे. आपल्याकडे आजी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची, तसं हे आहे. दानीएल ९ मधल्या सत्तर सप्तकांतलं (एक सप्तक म्हणजे सात वर्षं असं धरून) शेवटचं सप्तक घेतलं, ते आधीच्या एकोणसत्तरांपासून वेगळं करून जगाच्या शेवटी ठेवलं, त्यातून सात वर्षं आली. प्रकटीकरणातले बेचाळीस महिने, म्हणजे त्याचा अर्धा काळ, त्याला जोडले. १ थेस्सलनीका ४ मधलं मेघांवर घेतलं जाणं सुरुवातीला लावलं, मत्तय २४ मधल्या खुणा मध्ये बसवल्या. हे सगळं अमुक क्रमाने होईल असं सलग सांगणारा अध्याय बायबलमध्ये एकही नाही. तुमच्या भावाला विचारा, तो दाखवू शकणार नाही. पण त्याच्याकडे बोलायला काहीच नाही असंही समजू नका. प्रकटीकरण ३:१० मध्ये फिलदेल्फियाच्या मंडळीला, जगावर येणाऱ्या परीक्षेच्या घटकेपासून मी तुला राखीन, असं वचन आहे. देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलेलं नाही, असं पौल १ थेस्सलनीका ५:९ मध्ये लिहितो. प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायापासून श्वापदाच्या, म्हणजे देवाविरुद्ध उठणाऱ्या सत्तेच्या, सगळ्या वर्णनात पृथ्वीवरच्या 'मंडळी'चा उल्लेख येत नाही, हाही त्यांचा मुद्दा आहे. विचार करायला लावणारी वचनं आहेत ही. फेलोशिपमधले लोक आपल्यापेक्षा बायबल जास्त उघडतात, हे मी मनापासून मान्य करतो.

तरीही मला ती मांडणी पटत नाही. १ थेस्सलनीका ४:१६ मध्ये आज्ञाध्वनी आहे, आद्यदेवदूताची वाणी आहे, देवाचा कर्णा आहे. एवढ्या गजरात गुपचूप काय होणार? मत्तय २४ मध्ये दोघे शेतात असतील, एक घेतला जाईल आणि एक ठेवला जाईल, हे वचन फार वापरतात. पण त्याच्या लगेच आधी येशू नोहाच्या दिवसांबद्दल बोलतोय, आणि तिथे पुराने ज्यांना वाहून नेलं ते बुडालेले लोक होते, नोहा मागे राहिला. आणि २ थेस्सलनीका २ मध्ये पौल स्पष्ट लिहितो की आधी धर्मत्याग होईल, अनीतिमान पुरुष प्रकट होईल, तोवर प्रभूचा दिवस येणार नाही. आमच्या नावाचं पत्र आलं तरी घाबरून जाऊ नका, असंही तो तिथे बजावतो. माझा निष्कर्ष असा की प्रभूचं येणं एकदाच आहे आणि ते सगळ्यांना दिसेल. महासंकट म्हणाल तर इराक, सिरिया, नायजेरियातल्या ख्रिस्ती लोकांनी गेल्या काही वर्षांत जे सोसलं, त्यानंतर 'मंडळीला दुःख भोगावं लागणार नाही' हे शिकवायला माझी जीभ रेटत नाही.

कोल्हापूरला हा विषय नवा नाही, हेही जाताजाता सांगतो. ज्यांच्या नावाने इथलं वाइल्डर मेमोरियल चर्च आहे ते अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथे आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथेच जन्मला आणि पुढे अमेरिकेत विद्यार्थी मिशनरी चळवळीचा एक प्रवर्तक झाला. 'या पिढीतच जगाला सुवार्ता' हे त्या चळवळीचं ब्रीद. वडिलांनी काढलेलं मिशनचं मासिक त्यांच्या पश्चात आर्थर पिअर्सन यांनी चालवलं, आणि पिअर्सन तर प्रभूच्या लवकर येण्याची वाट बघणारेच होते. पण त्या पिढीतल्या घाईतून माणसं शाळा काढायला, दवाखाने उघडायला, दूरदेशी जायला निघाली. घाबरून घरात बसली नाहीत.

भीतीबद्दल जरा थांबून बोलायचंय, कारण मला तिचाच राग येतो. संडे स्कूलमधली एक नववीतली मुलगी. क्लासहून घरी आली तर दार सताड उघडं, परातीत भाकरीचं पीठ अर्धवट मळलेलं, गॅस बारीक चालू, आणि आई नाही. आईला हाक मारली, उत्तर नाही. शेजारीही कोणी दिसेना. पोरगी तिथेच ओट्याला धरून रडायला लागली, की आई गेली वर आणि मी राहिले. आई खाली नळाला पाणी आलं म्हणून घागरी भरायला गेली होती. आठवड्यापूर्वीच्या एका सभेत तिला दाखवलेला व्हिडिओ तिच्या डोक्यात बसला होता. ती मला हे सांगत होती तेव्हाही तिचे हात थरथरत होते. प्रभूच्या येण्याचं शिक्षण देऊन पौल थेस्सलनीकाकरांना म्हणतो, या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. ज्या शिकवणुकीने लेकराला प्रभूच्या येण्याची दहशत बसते, तिच्यात वचनं कितीही असोत, पौलाचा हेतू त्यात उरलेला नाही.

खुणांचंही तसंच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत कुंभार गल्लीपर्यंत शिरलं, तेव्हा व्हॉट्सअॅपवर मत्तय २४ चे मेसेज फिरत होते. त्याच अध्यायात सहाव्या वचनात येशू म्हणतो, एवढ्यात शेवट नाही. आधार कार्ड आलं तेव्हा म्हणे ही ६६६ ची, म्हणजे श्वापदाची खूण, कोविडची लस आली तेव्हाही ६६६. प्रकटीकरणात ती खूण श्वापदाच्या उपासनेशी जोडलेली आहे, आणि पुढच्याच अध्यायात कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, माणसांच्या कपाळावरही नाव लिहिलेलं आहे. प्रश्न तुम्ही कोणाला नमन करता हा आहे. तारखांचं तर बोलायलाच नको. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ला रात्रभर वाट पाहिली. हॅरोल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ सांगितली, ती चुकल्यावर २१ ऑक्टोबर. तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही असं मार्क १३:३२ मध्ये प्रभू स्वतः सांगतो.

आता आमच्या बाजूची चूक. जुन्या मंडळ्यांनी हा विषयच सोडून दिला. प्रकटीकरण फक्त अंत्यविधीला उघडायचं, 'तो त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील' एवढं वाचायचं आणि बंद. तरुणांनी विचारलं की 'कठीण आहे, पुढे बघू'. मग ज्याने त्यांच्यासमोर पुस्तक उघडलं, त्याच्याकडे ते गेले. तुमचा भाऊ भुकेला होता म्हणून गेला, बिघडला म्हणून नव्हे.

आईला सांगा, तारण ख्रिस्तावरच्या विश्वासाने आहे. उचलले जाणे महासंकटाआधी की नंतर, यावर ते अवलंबून आहे असं एकही वचन नाही, आणि भावाच्या पास्टरांनाही हे मान्य असेल. वाद घालू नका. थेस्सलनीकाकरांस लिहिलेली दोन्ही पत्रं तिघांनी एका बैठकीत मोठ्याने वाचा, मिळून आठच अध्याय आहेत. टिपा, व्हिडिओ, काही नको. वाचताना कळेल की ज्या अध्यायात मेघांवर जाण्याचं आहे, त्याच अध्यायात अकराव्या वचनात शांतपणे राहा, आपापला व्यवसाय करा, स्वतःच्या हातांनी काम करा असं आहे.

आणि पाळकसाहेबांना भेटा. नाताळाआधीचे आगमनकाळाचे चार रविवार नाताळाच्या तयारीबरोबरच दुसऱ्या येण्याच्या उपदेशासाठीही आहेत. आपण ते गायनाच्या तयारीत आणि फराळात घालवतो. या वर्षी त्या चारही रविवारी याच विषयावर बोला, प्रश्न विचारायला वेळ ठेवा, अशी विनंती आत्ताच करून ठेवा. भावाला सांगा की तुझी वचनं घेऊन ये, कोणी तुला गप्प बसवणार नाही.