‘नावीन्यपूर्ण प्रशिक्षक’ कानाला का खटकतं?

प्रश्न असा आलाय: “मुलांच्या दिवाळी अंकासाठी मी अमेरिकन फुटबॉलचा कोच बिल वॉल्श याच्यावर लेख लिहितेय. इंग्रजीत त्याला सगळे ग्रेट आणि इनोव्हेटिव्ह म्हणतात. मी ‘महान आणि नावीन्यपूर्ण प्रशिक्षक’ असं लिहिलं पण वाचताना खटकतंय. चूक नेमकी कुठेय, आणि दुसरं काय लिहू?”

ताई, तुमचा कान बरोबर आहे. खटकण्याचं मोठं कारण म्हणजे ‘पूर्ण’. अर्थपूर्ण वाक्य, कलापूर्ण सजावट, नावीन्यपूर्ण योजना असं आपण म्हणतो, म्हणजे हे ‘पूर्ण’ बहुतेक वेळा वस्तूला, कामाला, पद्धतीला लागतं, माणसाला नाही. अर्थपूर्ण माणूस म्हटलं की कसंतरीच होतं ना, तसंच नावीन्यपूर्ण प्रशिक्षकाचं होतं. वॉल्शची पद्धत नावीन्यपूर्ण होती हे वाक्य एकदम ठीक आहे, वॉल्श नावीन्यपूर्ण होता हे नाही. (आणि नावीन्यमधला वी दीर्घच बरं का, नवीनमधला दीर्घ आहे म्हणून. बरेच जण ऱ्हस्व लिहितात.)

माणसासाठी मराठीत फार चांगले शब्द आधीपासून आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत धडपडून काहीतरी नवं करणाऱ्या बाईंना आपण उपक्रमशील शिक्षिका म्हणतो, द्राक्षाच्या बागेत नवी पद्धत लावून बघणारा तो प्रयोगशील शेतकरी, आणि हाताशी आहे त्यातून अडचणीवर वाट काढतो तो कल्पक. ‘नवोन्मेषी’ पण हल्ली दिसतो. शब्द सुंदर आहे, उन्मेष म्हणजे डोळा उघडणं, आणि संस्कृत काव्यशास्त्रकार भट्ट तौतांनी प्रतिभेची व्याख्याच ‘नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा’ अशी केलीय, पण आज तो सरकारी पत्रकातून इतका फिरलाय की दहा वर्षांच्या मुलाला त्यातून काहीच दिसणार नाही.

वॉल्शसाठी मी डोळे मिटून ‘कल्पक’ घेईन. का, ते सांगायला त्याची गोष्टच सांगावी लागेल, कारण शब्द त्या गोष्टीतच बसतो.

ओहायो राज्यात सिनसिनाटी बेंगल्स नावाची टीम आहे, १९६८ साली सुरू झालेली. तिथे वॉल्श सहायक कोच होता. १९६९ मध्ये त्यांना ग्रेग कुक नावाचा क्वार्टरबॅक मिळाला, म्हणजे चेंडू हातात घेऊन पुढे फेकणारा, टीमचा सूत्रधारच म्हणा. जबरदस्त हात, लांबच्या लांब चेंडू फेकायचा. पहिल्याच मोसमात त्याचा खांदा गेला. १९७० मध्ये त्याच्या जागी व्हर्जिल कार्टर आला, त्याचा हात तेवढा जोरदार नाही, पण नेम चांगला, पाय चपळ आणि डोकं गणिताचं (हा माणूस खेळाडू असतानाच फुटबॉलच्या आकडेशास्त्रावर एका प्राध्यापकाबरोबर शोधनिबंध लिहीत होता, १९७१ मध्ये तो छापूनही आला). आता लांब फेकता येत नाही म्हणून रडत बसायचं का? वॉल्शने मैदानाकडे आडवं बघितलं. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, मग एकदम चाळीस यार्ड फेकायची गरजच काय, मैदान त्रेपन्न यार्ड रुंद आहे, सगळ्या रुंदीभर आपली पोरं पसरवा आणि पाच-सात यार्डांचे छोटे छोटे पास द्या, चेंडू झेलणारा धावता धावताच झेलेल आणि उरलेलं अंतर पायाने कापेल. दुसरे लोक पळून जेवढं मिळवायचे तेवढं हा छोट्या पासनं मिळवायला लागला.

यातली बारीक गोष्ट मला सगळ्यात आवडते. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन किती पावलं मागे जाणार हे वॉल्शने मोजून ठेवलं होतं, कधी तीन, कधी पाच, आणि झेलणाऱ्याची धाव त्या पावलांशी बांधलेली. पाचवं पाऊल टेकलं की चेंडू सुटलाच पाहिजे, झेलणारा तेव्हा वळलेला असो नसो, तो त्या जागी पोचणारच असा हिशोब. तबल्याचा ठेका आणि गाणाऱ्याची सम जुळावी तसं. पहिला माणूस अडलेला दिसला तर नजर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे, तोही क्रम आधीच ठरलेला. त्या १९७० च्या मोसमात बेंगल्स आधी सातपैकी सहा मॅच हरले आणि मग उरलेल्या सातच्या सात जिंकले, आणि १९७१ मध्ये अचूक पासच्या टक्केवारीत कार्टर अख्ख्या एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलच्या लीगमध्ये, पहिला होता, ६२.२ टक्के.

आता शब्दाकडे परत. कल्पक, कल्पना, संकल्प, क्लृप्ती हे सगळे एकाच संस्कृत धातूचे, क्लृप्, आणि त्या धातूचा मुळातला अर्थ हवेत इमले बांधणं हा नाहीच, जुळणं, योग्य होणं, नीट रचणं असा आहे. (क्लृप्तीमधला तो ऌ, मराठीत जवळजवळ या एका शब्दापुरता उरलाय.) म्हणजे कल्पक माणूस कोण, तर हातात जे आहे ते असं जुळवतो की काम होतं. कार्टरच्या हातात जोर नाही, ठीक आहे, मग त्याच्या हाताला जमेल असा खेळ रचूया. इनोव्हेटिव्हमध्ये ‘नवं’ पुढे येतं, कल्पकमध्ये ‘जुळवणं’ पुढे येतं, आणि माझ्या मते मोठ्या कोचचं मोठेपण त्या जुळवण्यातच असतं.

माझं लहानपण सांगलीकडचं, घराच्या मागे तालीम. वस्ताद हौद्याच्या कडेला बसून ओरडायचे, “अरे पट काढ, पट काढ!” आणि तेच वस्ताद शेजारच्या उंच पोराला पटाकडे जाऊच द्यायचे नाहीत, त्याला ढाक शिकवायचे. आम्हाला वाटायचं भेदभाव करतात. मग एकदा त्यांनीच सांगितलं, अंगकाठी बघून डाव द्यायचा असतो. कार्टरची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ते लाल मातीत मांडी घालून बसलेले वस्तादच दिसले.

म्हणून ‘वस्ताद’ वापरायचा मोह मलाही होतो, पण लेखभर वापरू नका, त्याला कुस्तीचा आणि तालमीचा वास आहे, आणि बोलण्यात ‘मोठा वस्ताद आहे’ म्हणजे लबाड असाही अर्थ निघतो. ‘प्रशिक्षक’ बरोबर आहे, पेपरात तोच असतो, मुख्य प्रशिक्षक, सहायक प्रशिक्षक वगैरे. फक्त हाक मारायला तो चालत नाही. रमाकांत आचरेकरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, पण शिवाजी पार्कात ते शेवटपर्यंत ‘सर’च. अमेरिकेत खेळाडू ‘कोच’ अशी हाक मारतात, नावाआधी लावतात, कोच वॉल्श. तुमच्या लेखात संवाद असतील तर तिथे सरळ ‘सर’ लिहा, मुलांना लगेच नातं कळेल, आणि निवेदनात ‘कोच’ ठेवा. कोच हा शब्दही गंमतीदार प्रवास करून आलाय, हंगेरीतल्या कोच नावाच्या गावात चांगल्या घोडागाड्या बनायच्या, त्यावरून गाडीला कोच, मग एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या पोरांनी परीक्षेतून पार नेणाऱ्या खाजगी शिक्षकाला कोच म्हणायला सुरुवात केली आणि तिथून तो खेळात आला. आपल्या रेल्वेच्या तिकिटावरचा कोच तो हाच.

‘महान’बद्दल. चूक नाही, पण फार वापरून गुळगुळीत झालाय, आणि बोलताना ‘तू महान आहेस’ म्हणजे हल्ली टोमणाच असतो. ‘थोर’ म्हटलं की संत नाहीतर पुढारी आठवतात. वॉल्शला ‘हाडाचा शिक्षक’ म्हणा. हा खरा मराठी शब्द आहे आणि त्याच्यावर अगदी बसतो, कारण तो ज्याच्या हाताखाली तयार झाला त्या पॉल ब्राऊनपासूनच हे शिकवणं आलंय. ब्राऊन ओहायोतल्या मॅसिलॉन गावच्या हायस्कूलच्या टीमचा कोच होता, तिथून वर गेला, १९४६ पासून क्लीव्हलँड ब्राऊन्सचा कोच, आणि पुढे वॉल्श सहायक असताना बेंगल्सचा मुख्य कोच. मोठ्या पगारी खेळाडूंना त्याने शाळेतल्यासारखं वर्गात बसवलं, वह्या दिल्या, डाव स्वतःच्या हाताने उतरवून घ्यायला लावले, मॅचच्या फिल्म दाखवून कोण कुठे चुकला ते मांडलं. १९५३ मध्ये त्याचा क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम याचा चेहरा फाटला तर हेल्मेटला पुढे आडपट्टी बसवून घेतली, १९५६ मध्ये क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवला. रेडिओवर लीगने लगेच बंदी घातली आणि १९९४ मध्ये तोच रेडिओ स्वतः परत आणला! ब्राऊनसाठी मी कल्पकपेक्षा ‘पायंडा पाडणारा’ म्हणेन, त्याने पाडलेल्या वाटेने पुढचे सगळे चालले. इंग्रजीत दोघेही इनोव्हेटिव्हच, मराठीत दोघांना दोन शब्द मिळतात, ते वापरा ना.

१९७६ च्या सुरुवातीला ब्राऊन निवृत्त झाला तेव्हा त्याने आपली जागा वॉल्शला दिली नाही. वॉल्श बाहेर पडला, १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा मुख्य कोच झाला, पहिल्या मोसमात १६ पैकी २ मॅच जिंकला, आणि तिसऱ्या मोसमाच्या शेवटी, जानेवारी १९८२ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. समोर कोण, तर ब्राऊनचेच बेंगल्स. २६-२१. मुलांना ही गोष्ट नक्की सांगा. आणि हेही सांगा की मॅचचे सुरुवातीचे पंधरा ते पंचवीस डाव तो आदल्या दिवसांतच कागदावर लिहून ठेवायचा, कारण हजारो लोकांच्या गोंगाटात, हातपाय थरथरत असताना डोकं नीट चालत नाही, शांत खोलीत चालतं, हे त्याने मान्य केलं होतं.

वर मी ‘डाव’ म्हणतोय तो त्यांचा प्ले. क्रिकेटमुळे डाव म्हणजे इनिंग्ज असा गोंधळ होऊ शकतो, म्हणून पहिल्यांदा एका वाक्यात समजावून टाका, ‘इथे डाव म्हणजे चेंडू सुटल्यापासून थांबेपर्यंतची एक आखलेली चाल’. पुढे अडचण येत नाही. ‘रणनीती’ टाळा, ‘डावपेच’ आपला आहे. आणि कोचिंग ट्री असा शब्द सापडेल तिथे झाड नको, ‘घराणं’ लिहा. ब्राऊनचा शिष्य वॉल्श, वॉल्शच्या हाताखालचा माइक होल्मग्रेन, होल्मग्रेनच्या हाताखालचा अँडी रीड, आणि रीडने कॅन्सस सिटीला २०२०, २०२३ आणि २०२४ मध्ये सुपर बोल जिंकून दिला. तालीम तीच, चीज गाणाऱ्याची स्वतःची, हे घराणं म्हटलं की आपल्याला न सांगता कळतं.

तर तुमचं वाक्य असं करून बघा: ‘बिल वॉल्श हा हाडाचा शिक्षक आणि कमालीचा कल्पक कोच होता.’

एक राहिलं. वॉल्शच्या पद्धतीला ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’ म्हणतात, त्याचं भाषांतर ‘पश्चिम किनाऱ्याचं आक्रमण’ असं करू नका. आपल्या मुलांना पश्चिम किनारा म्हटलं की रत्नागिरी-मालवण आठवणार ते एक, आणि दुसरं म्हणजे ही पद्धत जन्मली सिनसिनाटीत, ओहायो नदीच्या काठावर, जिथून कॅलिफोर्नियाचा समुद्र हजारो किलोमीटर लांब आहे. ते नाव नंतर चिकटलंय. आहे तसं देवनागरीत लिहा आणि खाली एका ओळीत कार्टरच्या हाताची गोष्ट द्या.