गाडी तापली की पेडल खाली जातंय? मास्टर सिलिंडर बदलायच्या आधी ब्रेक पाइप कुठून गेलेत ते बघा

घरी बांधलेल्या गाडीच्या ब्रेकबद्दल तुम्ही टाकलेली पोस्ट वाचली आणि दुखणं लगेच ओळखलं. गार गाडीला पेडल कडक. सोलापुरात होटगी रोडला चक्कर मारून सात रस्त्याच्या गर्दीत अडकलात की पेडल थेट खाली. अर्धा तास उभी केली की पुन्हा ठीक. मारुतीचं इंजिन, घरी वेल्डिंग केलेली ट्यूब चासी (नळ्यांचा सांगाडा), वर फायबरची बॉडी आणि एक्झॉस्ट उजव्या बाजूने, म्हणजे ड्रायव्हरच्या पायाशेजारून खाली. ब्लीडिंग (पाइपांतली हवा काढणं) करून झालं, आता मेकॅनिक मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पाइपांत ढकलणारा पंप, बदला म्हणतोय. जरा थांबा.

आमचे सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ याच सल्ल्यात गेले. गॅरेजचं नाव घेत नाही. गाडी सकाळी तिथे पोचायची, गार असताना तपासली जायची आणि निदान ठरलेलं: मास्टर गेलाय. नवीन मास्टर, नवीन ऑइल, पुन्हा तेच. गाडी तापवून, उभी करून, मग पेडल दाबून बघायची तसदी कुणी घेतली नाही. याचा राग अजून आहे, कारण तोवर ती गाडी रस्त्यावर चालत होती.

फरक साधा आहे. मास्टरचं सील गेलं असेल तर गार गाडीतही पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली सरकतं. लाइनमध्ये हवा असेल तर पेडल गार असतानाही स्पंजासारखं लागतं आणि दोन-तीनदा मारलं की वर येतं. फक्त तापल्यावर जातं आणि हात न लावता परत येतं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळतंय. उकळल्यावर वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडपर्यंत जोर पोचत नाही.

आता तुमच्या पोस्टमधली महत्त्वाची गोष्ट. पेडल 'थेट खाली' जातं म्हणता. टँडम (दुहेरी) मास्टरमध्ये दोन सर्किट असतात, म्हणजे ऑइलचे दोन स्वतंत्र मार्ग. एकच उकळलं तर पेडल बरंच खाली जाऊन कुठेतरी धरतं. पूर्ण खाली जातंय म्हणजे बहुतेक दोन्ही सर्किट एकाच ठिकाणी भाजतायत, आणि ती जागा मास्टरच्या अगदी खाली असणार, जिथे दोन्ही पाइप जोडीने एक्झॉस्टजवळून उतरतात. मागच्या चाकापर्यंत शोधत बसू नका, आधी तिथे बघा. दोन्ही पाइप एका क्लिपमध्ये नीटनेटके दिसतात, पण दोन सर्किट ठेवण्याचा सगळा फायदा तिथेच जातो.

खात्री घरीच करता येते. गाडी उघड्यावर घ्या, शेडमध्ये नको. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. इंजिन २००० ते २५०० आरपीएमवर १५ मिनिटं चालवा, ब्रेकला पाय लावू नका. बंद करा, १० मिनिटं थांबा, मग दाबा. ब्रेक वापरलेच नाहीत आणि तरी पेडल गेलं, तर उष्णता एक्झॉस्टचीच. पेडल टिकलं तर दोन शक्यता: उभ्या गाडीत एक्झॉस्ट पुरेसा तापला नाही, किंवा ब्रेक घासतायत. म्हणून पुढची चाकं उचलून हाताने फिरवून बघा आणि मास्टरच्या पुशरॉडला (पेडलचा जोर मास्टरला देणाऱ्या दांड्याला) थोडी ढील आहे का तेही. ढील नसेल तर ऑइल परत जात नाही, पॅड चिकटून राहतात आणि ऑइल कॅलिपरमध्येच (चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या भागात) उकळतं.

इंजिन बंद केल्यावरची ती १० मिनिटंच सगळ्यात वाईट असतात. वारा नाही, फॅन नाही, आणि लाल झालेला मॅनिफोल्ड सगळी उष्णता आजूबाजूला सोडतो.

पाइपचं तापमान मोजायचं असेल तर के टाइप थर्मोकपलवाला (तापमान मोजणाऱ्या तारेचा) मल्टिमीटर घ्या आणि टोक पाइपला चिकटवा. इन्फ्रारेड गन चकचकीत पाइपवर खोटं वाचन देते, खऱ्यापेक्षा कमी. गनच वापरायची तर तिथे मॅट काळा रंग मारा. डॉट ही ब्रेक ऑइलची प्रत. डॉट ३ ऑइल नवीन असताना २०५ अंशांपर्यंत टिकतं, पण पाणी शोषलेलं १४० ला उकळू शकतं. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. म्हणून माझं मत: गाडी बंद केल्यानंतरही पाइप १०० च्या वर जायला नको. आणि डिसेंबरात मोजलंत तर त्यात २० अंश मिळवा, कारण मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४३ असतं.

आता सगळे करतात ती चूक: पाइप आहे तिथेच ठेवून त्यावर चंदेरी स्लीव्ह (उष्णता अडवणारं वेष्टन) चढवायचं आणि झिप टायने एक्झॉस्टकडच्या चासी ट्यूबला बांधायचं. स्लीव्ह उष्णता आत शिरायला उशीर लावतं, थांबवत नाही. कूलंट फिरतं, पेट्रोल वाहतं, पण ब्रेक ऑइल जागेवरच असतं. पेडल दाबलं की काही मिली पुढे सरकतं आणि सोडलं की तेच परत येतं. ते तासभर तिथेच शिजतं. स्लीव्हमुळे पाइपला लागणारा वाराही बंद होतो. वर चासी ट्यूब स्वतः तापलेली, ती क्लिपमधून उष्णता देते. झिप टाय वितळला की पाइप एक्झॉस्टवर टेकतो.

क्रम असा ठेवा: आधी अंतर, मग शील्ड, स्लीव्ह सगळ्यात शेवटी.

अंतर म्हणजे शील्ड नसताना निदान १०० मिमी. मास्टरमधून निघालेले पाइप सरळ खाली उतरवू नका. फायरवॉलवरून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरून) आडवे डाव्या बाजूला न्या आणि मागचा पाइप डाव्या चासी ट्यूबच्या आतल्या अंगाने मागे न्या. पुढच्या उजव्या चाकाचा पाइप शक्य तितका पुढून काढा. एक्झॉस्ट ओलांडावाच लागला तर काटकोनात ओलांडा आणि जितकं मागे जमेल तितकं, कारण तिथे गॅस थोडा गार झालेला असतो. समांतर धावणारा हातभर पाइप काटकोनातल्या पाइपपेक्षा कितीतरी जास्त उष्णता घेतो. वरून ओलांडताना उलट्या यू सारखी कमान करू नका, त्या टोकाला हवा अडकते आणि ब्लीडिंग करून जीव जातो. खालून नेलात तर स्पीड ब्रेकरला घासणार नाही एवढं बघा.

शील्डला १ मिमी ॲल्युमिनियम पत्रा पुरतो. तो पाइप आणि एक्झॉस्टच्या मध्ये, दोन्हीकडे १० ते १५ मिमी हवा ठेवून, चासीला स्पेसरवर बसवा. वरखाली उघडा ठेवा. डबा केला तर आत भट्टी होते. डाईंगच्या बॉयलरला गुंडाळतात ती जुनी दोरी कुणी सुचवली तर घेऊ नका. ती ॲस्बेस्टॉसची असू शकते, आणि तेल पिते. गरम मॅनिफोल्डवर ब्रेक ऑइल गळलं तर पेट घेऊ शकतं. एक्झॉस्ट रॅपबद्दल (एक्झॉस्टवर गुंडाळायच्या पट्टीबद्दल) मतं वेगळी आहेत. माझ्या मते माइल्ड स्टीलच्या पाइपवर नकोच, पावसाळ्यात ओल धरून आतून गंजतो.

पाइप कापणं, वाकवणं, फ्लेअर मारणं (जोडासाठी टोक पसरवणं) तुम्हाला येतं असं धरतो. फक्त एक: साध्या तांब्याचा एसीचा पाइप वापरू नका, तो थरथरीने कडक होऊन तडकतो. ३/१६ इंची स्टील किंवा कुप्रोनिकेल (तांबं-निकेलचा मिश्रधातू) घ्या. मारुतीच्या नटांचा आटा एम १० बाय १, फ्लेअर डबल. युरोपियन गाड्यांच्या बबल फ्लेअरलाही तोच आटा लागतो, म्हणून चुकीचा पाइप नीट बसल्यासारखा वाटतो आणि जोरात दाबल्यावर गळतो. दर २५ ते ३० सेंमीला रबर लावलेली पी क्लिप, पत्र्यातून जातो तिथे ग्रॉमेट (भोकातली रबरी कडी).

ऑइल सीलबंद डब्यातलं डॉट ४ भरा. मागच्या वर्षीचा अर्धा डबा नको. डॉट ५.१ भरून प्रश्न सुटला असं समजू नका, तो फक्त पुढे ढकलला जातो. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचंच नाही.

मी तुमची गाडी पाहिलेली नाही, त्यामुळे वरचं सगळं तुमच्या वर्णनावरून. काम झालं की इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा आणि प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघा. मग मोकळ्या मैदानात चालवा. त्यानंतर तुळजापूरचा घाट चढून वर १० मिनिटं गाडी बंद ठेवा आणि उतरण्याआधी पेडल तपासा. चढताना एक्झॉस्ट पूर्ण तापतो आणि ब्रेक गार राहतात, म्हणून हीच खरी परीक्षा. आत्ताच्या अवस्थेत मात्र गाडी घाटात अजिबात नेऊ नका.

मास्टरच्या खालचा, एक्झॉस्टसकट दिसेल असा फोटो टाका. दोन्ही पाइप कुठे वळवता येतील ते बघून सांगतो.