सीएनसी राउटर (संगणकावरच्या नकाशाप्रमाणे लाकूड कापणारं यंत्र) हाताशी असेल तर मधपेटी स्वतः डिझाइन करून बनवावी का? सुरुवात कुठून करावी?

जरूर बनवा. फक्त एक गोष्ट आधी मान्य करून टाका: पेटीच्या आतली मापं माश्यांनी ठरवलेली आहेत. तुमची कल्पकता भिंतीत, सांध्यांत आणि झाकणात वापरा.

अमेरिकन मधपाळ लँगस्ट्रॉथ यांनी १८५२ साली पेटंट घेतलेली पेटी एका फटीवर उभी आहे. मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाश्या, साधारण ६ ते ९ मिमीची फट ये-जा करायला मोकळी ठेवतात. त्याहून अरुंद फट त्या प्रोपोलिसने (झाडांच्या चिकापासून केलेल्या चिकट पदार्थाने) बुजवतात, रुंद फटीत वेडंवाकडं पोळं बांधतात. दोन्हींत चौकट (जिच्यात माश्या पोळं बांधतात ती लाकडी फ्रेम) सहज उचलता येत नाही, मेण फाटतं आणि माश्या चिरडल्या जातात.

हा हिशेब बहुतेक वेळा उंचीत चुकतो, म्हणून इथे थांबून विचार करा. एकावर एक दोन खोल्या, म्हणजे पेटीचे मजले, ठेवल्यावर वरच्या चौकटीचा तळ आणि खालच्या चौकटीचा माथा यांत किती जागा उरते? खोलीची उंची वजा चौकटीची उंची. चौकटी टेकवायची खाच कमी-जास्त खोल केल्याने ही जागा बदलत नाही, ती फक्त वर आणि खाली वाटली जाते. मोठी लँगस्ट्रॉथ चौकट २३२ मिमी उंच असते, म्हणजे खोली २४० मिमीच्या आसपास हवी. अखंड फळी तंतूंच्या आडव्या दिशेने आटते-फुगते आणि नेहमीच्या रचनेत पेटीची उंची नेमकी त्याच दिशेला येते. ओलसर फळी कितीही अचूक कापली तरी सुकल्यावर ते माप टिकत नाही. म्हणूनच मशीनवर कापायच्या भिंतींसाठी मला बाहेरच्या वापराचं, पाणी सोसणारं प्लायवूड जास्त भरवशाचं वाटतं. त्याच्या कडा मात्र नीट सील कराव्या लागतात, कारण पाणी तिथूनच शिरतं. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) अजिबात नको, ते ओलाव्याने फुगतं.

तुमच्याकडे सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, असेल तर तिची प्रमाणित मापं वेगळी शोधा. मेलिफेराच्या पेटीचा नकाशा टक्केवारीने लहान केलात तर फटीही त्याच टक्केवारीने आक्रसतील, आणि सगळं गणित बिघडेल.

नकाशा काढताना आतली लांबी, रुंदी, उंची कायम ठेवा आणि लाकडाची जाडी बदलता येईल अशी घ्या. १८ मिमी म्हणून मिळणारं प्लायवूड मोजल्यावर अनेकदा थोडं कमी भरतं. जाडी बदलली की सांधे आपोआप बदलावेत, आतली जागा जशीच्या तशी राहावी.

राउटरचं बिट, म्हणजे फिरणारं पातं, गोल असतं. ६ मिमीच्या बिटाने कापलेल्या आतल्या कोपऱ्यात ३ मिमी त्रिज्येची गोलाई उरते, त्यामुळे बोटांसारखे एकमेकांत अडकणारे सांधे पूर्ण बसत नाहीत. कोपऱ्यात बिट थोडं पुढे नेऊन गोलाई काढता येते, पण तिथे पोकळी राहते. ती गोंद आणि भुश्याने भरा. आधी टाकाऊ तुकड्यावर एक सांधा कापून बघा. नुसत्या सरळ भिंती कापायच्या असतील तर टेबल सॉवर काम लवकर होतं. राउटरचा खरा फायदा खाचा, हाताची पकड आणि चौकटीच्या एकसारख्या बाजूपट्ट्या यांत आहे.

मला मनापासून आवडणारा एक उपयोग सांगतो. भिंतीच्या आतल्या बाजूला मिलिमीटरभर खोल, जवळजवळ रेघा मारा. खडबडीत पृष्ठभागावर माश्या प्रोपोलिसचा थर चढवतात, आणि प्रोपोलिस जंतूंना आवर घालतं. झाडाच्या ढोलीत त्या हेच करतात. गुळगुळीत पेटीत हे कमी होतं. आतून रंग देऊ नका, बाहेरून द्या.

राणीरोधक जाळी (कामकरी माश्यांना जाऊ देते, राणीला अडवते ती) घरी कापायच्या भानगडीत पडू नका. मेलिफेरासाठी तिची फट सुमारे ४.२ मिमी लागते. थोडी रुंद झाली तर राणी पलीकडे जाते, अरुंद झाली तर कामकरी अडकतात. लेझरने कापताना किरणाची रुंदी धरायची राहिली तरी एवढा फरक पडतो. ती तयारच घ्या.

सगळा संच एकदम कापू नका. आधी एकच खोली जोडा, तयार चौकटी त्यात टांगा आणि ६ व ९ मिमीची ड्रिल बिटं घेऊन चौकटीच्या उभ्या बाजूपट्ट्या आणि त्यांच्यासमोरची भिंत यांतली फट दोन्ही टोकांना तपासा. ६ चं आत गेलं पाहिजे, ९ चं अडलं पाहिजे किंवा जेमतेम जाईल इतपत. मग दुसरी खोली कापून पहिलीवर ठेवा आणि वरच्या-खालच्या चौकटींमधलं अंतर मोजा. ते जमलं की उरलेला कट सुरू करा.