टाचांच्या भेगांसाठी घरी मलम कसं करायचं?

तुमचा प्रश्न असा आहे, की रोज रात्री खोबरेल चोळूनही टाचांच्या भेगा बुजत नाहीत, तर घरी कोणतं मलम करता येईल. खोबरेलात दोष नाही, ते कोरड्या पायाला लागतंय ही अडचण आहे. तळपायाला तेलग्रंथी नसतात. तिथली कातडी लवकर सुकते, जाड होते आणि उभं राहिल्यावर अंगाचा भार पडला की तडकते. तेल कातडीला पाणी देत नाही, आत असलेलं पाणी फक्त अडवून धरतं. म्हणून पाय आधी भिजले पाहिजेत.

मलमासाठी कोकमतेलासारखं दुसरं काही नाही. गोव्यात त्याला भिरंडेल म्हणतात, कोकणात काही ठिकाणी मुठेल. कोकमाच्या बियांचं हे तेल घट्ट असतं आणि गोळ्याच्या रूपात मिळतं. पूर्वापार पद्धत म्हणजे गोळा जरा गरम करून तेल थेट भेगेत भरायचं. ते चालतं, पण गार झालं की कडक होऊन पापुद्र्यासारखं सुटतं. त्यात तीळतेल आणि मेण घातलं की ते लवचिक राहतं.

५० ग्रॅमसाठी: १५ ग्रॅम कोकमतेल (किसून), ३० ग्रॅम घाण्याचं तीळतेल, ५ ग्रॅम मधमाशीचं मेण. काट्यावर मोजा. किसलेली वस्तू चमच्याने मोजली की प्रमाण हमखास चुकतं. मेणबत्तीचं मेण नको, त्यात रंग आणि वास मिसळलेला असू शकतो. तीळतेलाऐवजी खोबरेल घेतलंत तर थंडीत मलम दगडासारखं होईल, कारण खोबरेल २४ अंशांच्या आसपासच गोठतं.

पातेल्यात पाणी गरम करून त्यात स्टीलची कोरडी वाटी ठेवा. आधी मेण वितळवा, त्याला ६० अंशांच्या वर उष्णता लागते. मग तीळतेल ओता. गार तेलाने मेणाच्या गुठळ्या होतील. घाबरू नका, पुन्हा स्वच्छ पारदर्शक होईपर्यंत वाटी पाण्यातच ठेवा. गॅस बंद करून शेवटी कोकमतेल घाला, ते ४० अंशांच्या आसपास वितळतं, त्याला जास्त तापवायची गरज नाही. थेंबभर गार ताटलीवर टाकून बघा. बोट दाबल्यावर खळगा पडला नाही तर ३-४ ग्रॅम तीळतेल वाढवा, ओघळलं तर १ ग्रॅम मेण. मग वाटी गार पाण्यात धरून दाटसर होईपर्यंत ढवळा आणि डबीत भरा. तसंच सावकाश गार होऊ दिलं की कधीकधी रवा धरतो. लावायला त्रास नाही, पण पुन्हा वितळवून पटकन गार केलं की तो जातो.

पाण्याचा थेंबही नको. गुलाबपाणी, ताजी कोरफड, लिंबाचा रस घातला की बुरशी येते, आणि लिंबू भेगेत झोंबतं ते वेगळंच. कापूरही नको. हळद घातली तर कण भेगेत अडकतात आणि मोजे पिवळे होतात. डबी कोरडी राहिली तर मलम काही महिने टिकतं. खवट वास आला की टाकून द्या. विदर्भातल्या मे महिन्यात ते पातळ होईल, पण बिघडत नाही.

रात्री १०-१५ मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा. वजरी (टाच घासायचं खरखरीत साधन) ओल्या टाचेवर हलक्या हाताने फिरवा, कोरडी घासू नका आणि ब्लेड तर लावूच नका. जास्त घासलं की कातडी आणखी जाड होते. पाय टिपून घ्या, ओलसर असतानाच शेंगदाण्याएवढं मलम भेगेत दाबून भरा आणि सुती मोजे घाला. मोज्यांशिवाय फरशीवर चालू नका, पाय घसरतो. दिवसा मागून उघडी चप्पल असेल तर टाच पसरते आणि बुजलेली भेग पुन्हा फाटते. काही आठवडे मागून बंद पादत्राण वापरा.

जाड घट्टा मात्र मलमाने विरघळत नाही. त्यासाठी औषधाच्या दुकानातलं १० ते २५ टक्के युरियाचं क्रीम लावा, पण रक्त येणाऱ्या भेगेवर नको, आग होते. बोटांच्या बेचक्यात खाज असेल किंवा एकाच तळव्याचे पापुद्रे निघत असतील तर ती बुरशी असू शकते, तिला बुरशीचंच औषध लागतं. आणि मधुमेह असेल तर पाय भिजवणं, वजरी, घरचे प्रयोग सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना पाय दाखवा. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, मग पाणी किती गरम आहे तेही कळत नाही, आणि छोटी भेगही चिघळू शकते.