कारखान्यात बनणाऱ्या हजारो उपकरणांना डिजिटल सर्टिफिकेट सुरक्षितपणे कसं द्यावं?

तुमचा बेत मला असा समजला: पाच हजार सेन्सरसाठी ऑफिसातल्या सर्व्हरवर पाच हजार की-जोड्या (प्रत्येकीत एक गुप्त प्रायव्हेट की आणि एक उघडी पब्लिक की) आणि सर्टिफिकेट (ती पब्लिक की कुठल्या उपकरणाची हे सही करून सांगणारा डिजिटल दाखला) एकदमच तयार करायची, झिप फाइल कारखान्याला पाठवायची आणि तिथे फर्मवेअरसोबत (उपकरणातलं मूळ सॉफ्टवेअर) प्रत्येक बोर्डात एकेक जोडी भरायची. चालेल का? चालायला चालेल, सेन्सर सर्व्हरला जोडलेही जातील. पण सुरक्षित म्हणाल तर नाही.

सर्टिफिकेट गुपित नसतंच, ते कुणालाही दाखवायचं असतं. गुपित असते ती प्रायव्हेट की. तुमच्या बेतात ती सर्व्हरवर, मेलमध्ये, कारखान्याच्या पीसीवर, कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर आणि या सगळ्यांच्या बॅकअपमध्ये राहणार. त्यातून एखादी प्रत कुणी उचलली तर पत्ताही लागणार नाही, कारण मूळ फाइल जागच्या जागीच असते.

म्हणून प्रायव्हेट की उपकरणाच्या आतच तयार होऊ द्या आणि तिथून ती कधीच बाहेर काढू नका. बाहेर येतो तो फक्त सीएसआर, म्हणजे सर्टिफिकेटसाठीचा अर्ज. त्यात उपकरणाचं नाव किंवा सीरियल नंबर, पब्लिक की आणि त्याच जोडीतल्या प्रायव्हेट कीने केलेली सही असते. बजेट असेल तर बोर्डावर मायक्रोचिपच्या एटीईसीसी६०८ सारखा सिक्युअर एलिमेंट (की आत बंद ठेवणारी छोटी चिप) घ्या, लिनक्स चालवणारा मोठा बोर्ड असेल तर त्याच कामाची टीपीएम २.० चिप. असली चिप सही करून देते, पण प्रायव्हेट की बाहेर देत नाही. चिप परवडत नसेल तर की मायक्रोकंट्रोलरच्या फ्लॅशमध्ये ठेवा, पण मग रीडबॅक प्रोटेक्शन (बाहेरून फ्लॅश वाचू न देणारी सोय) चालू करणं आणि डीबग पोर्ट (चिपच्या आत डोकावायची वाट) बंद करणं आलंच.

चिप नसली तर आणखी एक घोळ होतो. नुकताच चालू झालेला बोर्ड रँडम आकडे कुठून आणणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! २०१२ साली संशोधकांनी इंटरनेटवर उघड्या दिसणाऱ्या यंत्रांच्या पब्लिक की गोळा केल्या, तेव्हा राउटर, फायरवॉल अशा यंत्रांच्या बऱ्याच आरएसए कींमध्ये (या की दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर बनतात) एक मूळ संख्या सामायिक निघाली. अशा दोन कींचा मसावि काढला की दोन्ही फुटतात. शाळेतलं गणित, पण काम तमाम. तेव्हा हार्डवेअर रँडम नंबर जनरेटर चालू आहे याची खात्री झाल्याशिवाय की तयार करू नका.

आता खरी गोम. अर्जदाराकडे प्रायव्हेट की आहे एवढंच सीएसआरवरून सिद्ध होतं. अर्जदार तुमचाच सेन्सर आहे हे त्यातून कळत नाही. लॅपटॉपवर बसलेला कुणीही तुमचा सीरियल नंबर घालून बिनचूक सीएसआर बनवू शकतो. सर्टिफिकेट ऑथॉरिटी, म्हणजे सर्टिफिकेटवर सही करणारी यंत्रणा, आलेल्या प्रत्येक अर्जावर सही ठोकत असेल तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. बहुतेक ठिकाणी पाणी मुरतं ते इथेच.

बोर्ड टेस्ट जिगच्या (कारखान्यात बोर्ड तपासायच्या साच्याच्या) पिनांवर बसलेला असतो तो क्षण सगळ्यात भरवशाचा, कारण समोरची वस्तू कोणती याबद्दल तेव्हा शंकाच नसते. जिगने सीरियल नंबर आणि सीएसआर वाचायचा आणि स्वतःचं सर्टिफिकेट दाखवून सही करणाऱ्या सर्व्हरकडे पाठवायचा. सर्व्हरने पाहायचं: हा नंबर या बॅचच्या ऑर्डरमध्ये आहे का? याला आधी सर्टिफिकेट दिलंय का? बॅचचा कोटा संपला का? कोट्याचा फायदा असा की कंत्राटदाराने गुपचूप जास्तीचे बोर्ड काढले तरी त्यांना सर्टिफिकेट मिळत नाही. रोज सही करणारी इंटरमीजिएट की एचएसएममध्ये (की जपणाऱ्या खास यंत्रात) ठेवा, तिलाही मान्यता देणारी सगळ्यात वरची रूट की ऑफलाइन, आणि दोन्ही कारखान्याबाहेर.

हे झालं जन्मजात सर्टिफिकेट. आयईईई ८०२.१एआर या मानकात त्याला आयडेव्हआयडी म्हणतात. ते उपकरणाच्या आयुष्यभर टिकावं म्हणून त्यात ९९९९ सालच्या ३१ डिसेंबरची मुदत घालायचीही सोय आहे. रोजच्या कामाला मात्र ते वापरू नका. ते दाखवून ईएसटी या सर्टिफिकेट मागायच्या प्रोटोकॉलने (आरएफसी ७०३०) कमी मुदतीचं वेगळं सर्टिफिकेट घ्या. त्याची प्रायव्हेट की चोरीला गेलीच तर मुदतीपुरतंच नुकसान, आणि सर्व्हरवरच्या यादीत त्या उपकरणाला बंद करणंही सोपं.

सगळ्या उपकरणांत एकच तात्पुरतं सर्टिफिकेट आणि त्याची प्रायव्हेट की घालून पहिल्यांदा जोडणी करायची पद्धतही काही क्लाउडवर मिळते. मला ती आवडत नाही, कारण एक बोर्ड फोडला की सगळ्यांचं गुपित हाती. नाइलाज असेल तर त्या सर्टिफिकेटला नवीन सर्टिफिकेट मागण्यापलीकडे कसलीही परवानगी देऊ नका, आणि मागणी आली की सीरियल नंबर ऑर्डरशी ताडून पाहा.

नूतनीकरणाचा विचार बहुतेक जण मुदत संपल्यावर करतात. दोन-तृतीयांश मुदत झाली की नवीन मागा. प्रत्येक उपकरणाची वेळ थोडी मागेपुढे ठेवा, नाहीतर सगळे सेन्सर एकाच दिवशी सर्व्हरवर तुटून पडतील. नवीन सर्टिफिकेटने एकदा नीट जोडणी झाल्याशिवाय जुनं पुसू नका. आणि घड्याळ! बॅटरीवरचं घड्याळ नसलेले बोर्ड बहुधा १ जानेवारी १९७० पासून सुरू होतात, मग त्यांना सर्व्हरचं चांगलं सर्टिफिकेटही ‘अजून लागू नाही’ असं दिसतं आणि जोडणी तुटते. फर्मवेअर ज्या तारखेला बनलं तिच्या मागे घड्याळ जाऊ देऊ नका. बरेचसे गोंधळ तिथेच मिटतात.

पहिली बॅच काढण्याआधी एवढं करून पाहा. चार-पाच बोर्डांना तासाभराच्या मुदतीची कामाची सर्टिफिकेट द्या, वीज काढून घ्या आणि दुसऱ्या दिवशी चालू करा. आयडेव्हआयडी दाखवून ते कुणी हात न लावता परत जोडले गेले, तरच लाइन सुरू करा.