सह्या सहाशे, बैठकीला सात : नमुना पत्राची चूक

आपला प्रश्न वाचताना स्वतःचीच जुनी वही उघडल्यासारखे वाटले. मैदानावर वाहनतळ होऊ नये म्हणून आपण सहाशे सह्या गोळा केल्या, समूहावर रोज संदेश पाठवता, तरीही बैठकीला सातच माणसे येतात, असे आपण लिहिले आहे. पत्रके कशी छापावीत, समूह कसा चालवावा, हे आपल्याला ठाऊक असणारच. त्यात शिरत नाही.

आमच्या अशाच मोहिमेत आम्हाला सर्वांत महाग पडले ते नमुना पत्र. हरकतींची मुदत संपत आली होती, म्हणून मीच एका रात्रीत कलमांचे दाखले देऊन मुद्देसूद पत्र लिहिले, खाली नाव आणि सहीपुरती जागा सोडली आणि ते घरोघर वाटले. चारशेहून अधिक पत्रे सुतळीने बांधून दिली, तेव्हा छाती फुगली होती. त्या कार्यालयाने (नाव घेत नाही) अहवालात ती सगळी ‘समान आशयाची हरकत’ म्हणून एकाच ओळीत निकालात काढली. सही करणारा प्रत्येक जण वेगळा होता, त्यामुळे हा प्रकार मला आजही अन्यायाचाच वाटतो. परंतु सुनावणीत अधिकाऱ्यांनी एका आजींना “तुमची हरकत नेमकी काय?” असे विचारले आणि त्या माझ्या तोंडाकडे पाहू लागल्या, तेव्हा दोष माझाही आहे हे कळले. नातवाला खेळायला आता मोठा रस्ता ओलांडून जावे लागेल, ही त्यांची काळजी त्यांनी मला जिन्यातच सांगितली होती. पत्रात मात्र माझी कलमे होती.

अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी 1969 मध्ये नागरिक सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात माहिती देणे ही तिसरी आणि मत विचारणे ही चौथी पायरी आहे, आणि या दोन्ही त्यांनी नाममात्र सहभागात गणल्या, कारण ऐकलेल्या मताचा निर्णयावर परिणाम होईलच याची हमी तेथे नसते. कार्यालय आम्हाला चौथ्या पायरीपलीकडे जाऊ देत नाही, अशी ओरड मी करत होतो. आपल्याच लोकांना मी तिसरीवर बसवले आहे, हे मात्र दिसले नाही. नव्या कल्पना समाजात कशा पसरतात याचे अभ्यासक एव्हरेट रॉजर्स यांनी 1962 मध्येच दाखवून दिले होते की प्रसारमाध्यमांमुळे नवी गोष्ट लोकांच्या कानावर जाते, पण ती पटते ती बहुधा ओळखीच्या माणसाशी बोलून. समूहावरील संदेशाचेही तेच आहे, असे माझे मत आहे.

पुढच्या वेळी आम्ही पत्र दिलेच नाही. प्रत्येकाला तुमचे नेमके काय बिघडेल, कधी, आणि त्याऐवजी काय हवे, एवढेच विचारले, उत्तर त्याच्याच शब्दांत उतरवले, वाचून दाखवले आणि मग सही घेतली. हरकती शंभरही भरल्या नाहीत, पण सुनावणीत लोक स्वतः बोलले. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहरात 1989 पासून सहभागी अर्थसंकल्प, म्हणजे शहराचा पैसा कोणत्या कामांवर खर्चावा हे ठरवण्यात रहिवाशांचा वाटा असण्याची पद्धत, सुरू झाला, तेथील सभांत आधी मागील वर्षी ठरलेल्या कामांचा हिशेब दिला जात असे. आपणही हे करावे. ‘अद्याप उत्तर नाही’ एवढेच सांगायचे असले तरी ते सांगावे. आम्ही चार महिने गप्प राहिलो आणि तेवढ्यात निम्मी माणसे गळाली.

जाता जाता, पोच घेतल्याशिवाय कागद खिडकीवर ठेवू नये. “ठेवून जा, साहेब बघतील” या वाक्यावर विश्वास ठेवून आमच्या दोन हरकती गहाळ झाल्या. आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का आपल्या प्रतीवर घ्यावा. मी वकील नाही, नियम ठिकाणानुसार बदलतात, त्यामुळे मुदतीची खात्री आपणच करून घ्यावी.

सहाशेपैकी वीस घरी आपण या आठवड्यात जाऊ शकाल का? सोबत छापील काही नेऊ नये, कोरी वही पुरे.